आधी काय दिसलं, शाले?

वसुधा गेल्याची बातमी मला तिसऱ्याच कुणाकडून कळली, याचा राग अजून गेलेला नाही. बंगळूरच्या बेळ्ळंदूरमधल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी मेथी निवडत बसले होते. निखिल, माझा मुलगा, आतल्या खोलीत घरूनच ऑफिसचं काम करत होता. तो फोन हातात घेऊन बाहेर आला आणि दारातच घुटमळला. म्हणाला, "आई, वसूमावशीचं काही... तुला कुणाचा फोन आला होता का?" एका गॅलरीनं तिचा फोटो टाकला होता, हसतानाचा, आणि खाली लोकांनी जोडलेल्या हातांच्या रांगा लावल्या होत्या. माझ्या मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. या सगळ्यांना माझ्याआधी कसं कळलं, हे आलं. रडू नंतर आलं, आणि आल्यावर थांबेना. पण क्रम हाच होता. वसूच्या बाबतीत आधी काय आणि नंतर काय याला फार महत्त्व असायचं, म्हणून जसं झालं तसं लिहिते आहे.

वाचकांपैकी काहींनी तिची चित्रं पाहिली असतील. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वसू एका चित्रावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं अशी चित्रं काढायची. कॅनव्हासवर एक दृश्य, त्यावर चिकटवलेली तलम मलमल, मलमलीवर पुन्हा रंग, त्यावर पातळ कागद, पुन्हा रंग. खालचं वरच्यातून झिरपत राहायचं. लांबून बघितलं तर बसची खिडकी दिसायची, जवळ गेलं तर काचेत पडलेली आतल्या बायकांची प्रतिबिंबं, आणखी थोडं थांबलं तर काचेपलीकडचा रस्ता, आणि मग यातलं आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हेच कळेनासं व्हायचं. "डोळा आधी ओळखतो, आणि ओळखलं की बघायचं सोडून देतो," असं ती म्हणायची. "मला ते ओळखणं लांबवायचंय, बाकी काही नाही." हे वाक्य तिच्या प्रत्येक मुलाखतीत सापडेल. ते पहिल्यांदा तिनं मला ऐकवलं होतं, बसवनगुडीतल्या आमच्या खोलीत, तोंडात टूथब्रश असताना. हेही कुठेतरी छापून यायला हवं.

ती निपाणीची, मी बेळगावची. दोघी चित्रकला शिकायला बंगळूरला आलो आणि एका कन्नड अज्जींच्या घरी माडीवरच्या खोलीत राहिलो. अज्जी दोघींनाही एकाच नावानं हाक मारायच्या. मराठी पोरी त्यांना सगळ्या सारख्याच वाटत. कॉलेजात मात्र फरक स्पष्ट होता. माझा हात चांगला होता. हे मीच सांगते, कारण आता सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. मॉडेल समोर बसलं की माझी रेघ पहिल्या झटक्यात यायची आणि सर माझा कागद उचलून सगळ्या वर्गाला दाखवायचे. वसूनं काढलेला माणसाचा खांदा टेकडीसारखा यायचा. ती खोडायची नाही, खोडलं की कागद मरतो म्हणायची. चुकलेल्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून ती पुन्हा काढायची, तेही चुकलं की आणखी एक कागद. एकदा सरांनी तिच्या चुकांची ती सगळी चळत उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाले, "इकडे या सगळे." सगळे चुकलेले खांदे एकमेकांतून दिसत होते, आणि कागदावरचा माणूस नुकताच वळून बसल्यासारखा वाटत होता. माझं चित्र बाकावर पडून होतं, अगदी बरोबर आलेलं. मला पहिल्याच वेळी जमायचं म्हणून दुसऱ्या थराची गरज कधी पडली नाही, आणि तिचं सगळं नाव त्या दुसऱ्या थरावर झालं. मला तिचा मत्सर वाटायचा का? वाटायचा. गेलेल्या माणसाचा मत्सर करू नये हे मलाही कळतं, पण कळून काय उपयोग, तो अजूनही वाटतो.

पुढे मी लग्न केलं. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनीअर, कॉलनीत क्वार्टर, मी एका शाळेत ड्रॉइंग टीचर. रविवारी ऑर्डरची पोर्ट्रेट करायची, निवृत्त साहेबांची, कुणाच्या वारलेल्या आजोबांची. लोक म्हणायचे, "अगदी फोटोच काढलाय!" आणि मी मान डोलवायची. वसूनं लग्न केलं नाही. तिनं होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. तिथे पूर्वी खोकी बनवायचे. छतात मधे मधे अर्धपारदर्शक पत्रे होते आणि त्यातून दुधी उजेड खाली यायचा. शेजारी लोखंड कापायचं काम चाले. त्या आवाजात ती दिवसभर उभी असायची, आणि मी मात्र मुलांच्या वह्यांतल्या सफरचंदांना छाया कुठे द्यायची ते सांगत असायची. तिच्या चित्रांची प्रदर्शनं दिल्लीला लागली, मग परदेशात. ती परत येताना माझ्यासाठी रंगाच्या ट्यूब आणायची. मी त्या वापरल्या नाहीत, कपाटात ठेवल्या. त्यातल्या काही आता दगडासारख्या झाल्यात.

पण त्या शेडमध्ये माझी एक जागा होती. एक निळं लोखंडी स्टूल, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. चित्र एका टप्प्याला आलं की वसूचा फोन यायचा, "शाले, ये की गं. डोळे घेऊन ये." मी बस बदलत बदलत होसकोटेला पोहोचायची. दारातच ती मागून माझे डोळे तळव्यांनी झाकायची. हाताला टर्पेंटाइनचा वास. तशीच मला चालवत न्यायची, स्टुलावर बसवायची आणि एकदम हात काढून विचारायची, "आधी काय दिसलं?" विचार करायचा नाही, जे पहिलं दिसलं ते बोलून टाकायचं. मी बोलले की ती वाटीत पांढऱ्या रंगात भरपूर पाणी घालायची आणि मी नाव घेतलेल्या गोष्टीवर त्याचा एक पातळ हात फिरवायची. पुसायची नाही, फक्त झाकायची. काही दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा डोळ्यांवर हात, पुन्हा तोच प्रश्न. आता दुसरंच काहीतरी आधी दिसायचं, मग तेही झाकलं जायचं. असं होता होता एकदा ती हात काढायची आणि मला काही सांगताच यायचं नाही. नजर चित्रभर फिरत राहायची, कशावरच टेकायची नाही. वसू तेव्हा चित्राकडे बघत नसे, माझ्या तोंडाकडे बघत असे. "झालं," म्हणायची आणि ब्रश धुवायला जायची. शालू गप्प बसली की चित्र पुरं झालं, हा तिचा नियम. हा नियम मात्र एकाही मुलाखतीत नाही.

बसच्या चित्राचं सांगते, कारण तेच सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यांदा तिनं हात काढले तेव्हा मला दिसला एक अंबाडा, त्यावर कनकांबरांचा, म्हणजे आपल्या अबोलीचा गजरा. तो केशरी रंग असा काही आला होता की माझ्या तोंडून आपोआप "अय्या" निघालं. वसूनं लगेच वाटी उचलली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "वसू, हा नको झाकूस. सगळ्या चित्रात हेच सुंदर आहे."

"म्हणूनच की," ती म्हणाली. "हे बघून माणसं पुढं जातील. बाकीचं बघणारच न्हाईत."

"मग जाऊ देत!"

"स्वल्प थांब, शाले. ते कुठं जात न्हाई."

आणि तिनं तो गजरा झाकला. प्रदर्शनात त्या चित्रासमोर लोक खूप वेळ उभे राहायचे. राखाडी काचेच्या मागे कुठेतरी ऊब आहे असं त्यांना वाटायचं, पण कुठे आहे ते सापडायचं नाही. एका समीक्षकानं तर त्या न सापडणाऱ्या उबेवर मोठा परिच्छेद लिहिला. मी त्याच्या शेजारीच उभी होते, हातात सरबताचा ग्लास घेऊन. त्याच्या कोपराला धरून 'इथे, इथे कनकांबरं आहेत, मी पाहिलीत' असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर वसू माझी ओळख "ही माझी मैत्रीण, फार छान पोर्ट्रेट करते" अशी करून द्यायची. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त लागायचं.

भांडण झालं ते तळ्याच्या चित्रावरून. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर तेव्हा पांढरा फेस यायचा, वाऱ्यानं उडून रस्त्यावर पडायचा. वसूनं त्या फेसाचे थरच्या थर रंगवले होते आणि त्यांच्याखाली तळ्याकाठच्या काचेच्या इमारती. तिनं हात काढले आणि मला त्या फेसात माझी आई दिसली. दगडावर कपडे धुताना वाकलेली तिची पाठ, ब्लाउजच्या गाठीजवळचा तो ओला डाग... आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.  वसूनं विचारलं. मी म्हटलं, "नाही सांगत." ती समोर येऊन बसली, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "कोण हाय?" मग मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की हे झाकलंस तर मी परत येणार नाही. तिनं ऐकून घेतलं, उठली आणि वाटीत पाणी घातलं. मी पर्स उचलून चालू लागले. होसकोटेहून परतताना बसमध्ये मी इतकी रडले की शेजारच्या बाईनं मला खिडकीची जागा दिली.

काही महिने मी तिकडे गेले नाही. तिचाही फोन नाही. मग एकदा आला, "शाले, अडलंय." एवढंच. मी लगेच गेले. सांगायला लाज वाटत नाही, मला भीती होती की माझ्या जागी दुसरं कुणीतरी बसेल. आणि तसंच झालं होतं. दारातून बघते तर निळ्या स्टुलावर एक तरुण मुलगी बसली होती, मांडीवर कॅमेरा, पाय हलवत. मेघना. ती वसूकडे शिकायला यायची, चित्रांचे फोटो काढायची, गॅलरीशी बोलायची. मला बघून पटकन उठली, "बन्नी आंटी, कूतुकोळ्ळी," म्हणाली, या, बसा. मी बसले. स्टूल गरम होतं. त्या दिवशी मला जे आधी दिसलं ते मी सांगितलं, वसूनं ते झाकलं, चहा झाला, सगळं पूर्वीसारखं. फक्त घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, की त्या पोरीलाही वसू तोच प्रश्न विचारते का.

आमची शेवटची भेट अगदीच साधी होती. मी न सांगता गेले होते, देवनहळ्ळीला एका लग्नाला जाऊन परत येताना. शेडमध्ये एक मोठं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. वसू थकलेली वाटली. छातीत अधूनमधून कळ येते म्हणाली आणि डॉक्टरांचा विषय काढला तसा उडवून लावला. मी चित्राकडे बोट केलं. म्हणाली, "अजून न्हाई. मी बोलावते." मी विचारलं, "मेघनानं बघितलं?" ती माझ्याकडे बघून हसली, गालात, आणि म्हणाली, "तू म्हातारी झालीस तरी भांडालीस गं."  मी रागातच निघाले. लग्नातला लाडूचा डबा तिच्यासाठी आणला होता, तो द्यायचा राहिला, बेळ्ळंदूरला पोहोचल्यावर पिशवीत सापडला. तिचा फोन पुन्हा आला नाही.

तिच्यासाठी गॅलरीच्या अंगणात सगळे जमले तेव्हा एकेक जण उठून बोलत होता, आणि मला कळत गेलं की स्टुलावर बऱ्याच जणांना बसवलं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितलं, त्यांना तिनं डोळे झाकून चित्रासमोर नेलं होतं आणि त्यांना आधी विजेचा खांब दिसला होता. गॅलरीच्या बाईंनी तेच सांगितलं. माझे कान तापले. मग मेघना उठली. रडत रडत म्हणाली, "मला तळ्याच्या चित्रात घार दिसली होती. मॅम हसल्या आणि म्हणाल्या, राहू दे. ती घार अजून तिथे आहे, तुम्ही बघू शकता." लोकांनी माना वळवल्या, चित्र आतल्या भिंतीवर होतंच, आणि वर डाव्या कोपऱ्यात घार होती. स्पष्ट. म्हणजे हिची घार राहिली आणि माझी आई झाकली गेली! प्राध्यापकांना दिसलेला विजेचा खांब राहिला. सगळ्यांचं सगळं राहिलं, माझं तेवढं पांढऱ्याखाली गेलं. मी चपला शोधायला लागले.

मेघना माझ्यामागे गेटपर्यंत आली. कन्नडमध्ये म्हणाली, "आंटी, एक सांगायचं होतं. मॅम मला म्हणायच्या, तुला दिसतं ते मी मुद्दाम ठेवलेलं असतं. शालू येते आणि मी ठेवलंय हे मलाच माहीत नसतं ते बघते. ते उघडं ठेवायची माझी छाती होत नाही."  एवढी वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी बस बदलत होसकोटेला जात होते, ते वसूनं बोलून टाकलं होतं, पण या पोरीजवळ. मला आनंद झाला का? झाला असेल. पण आधी आला तो मत्सर, आणि तोही असा की मेघनाच्या तोंडून ते शब्द काढून घ्यावेत. मग ती पुढे म्हणाली की भिंतीकडे तोंड केलेलं चित्र तिनं पाहिलेलं नाही. कुणीच नाही. "त्यांनी हात लावू दिला नाही. म्हणाल्या, शालू आल्यावर."

त्यानंतर काही दिवसांनी वसूचा धाकटा भाऊ गिरीश निपाणीहून शेड रिकामी करायला आला. त्याचं तिकडे कापडाचं दुकान आहे, चित्रांशी त्याचा कधी संबंध नाही. त्यानं मला बोलावून घेतलं. मेघना दाराबाहेर फोनवर बोलत उभी होती. गॅलरीला चित्र न्यायचं होतं, आणि त्याच्या पाटीवर 'अपूर्ण' लिहायचं की नाही ते त्यांना आजच हवं होतं. गिरीश म्हणाला, "अक्का, मला यातलं काय कळतंय? ती म्हणायची शालूला इचारा. पुरं हाय का अर्धं, एवढं सांगा."

निळं स्टूल जागेवरच होतं. मी बसले. मागे कुणी नव्हतं, म्हणून माझे डोळे मीच झाकले आणि गिरीशला म्हटलं, चित्र फिरव. कॅनव्हास घासत फिरल्याचा आवाज आला. शेजारी लोखंड कापायचं काम चालूच होतं. मी हात काढले.

मला दिसलं. एका क्षणात दिसलं, अगदी पहिल्या झटक्यात, कॉलेजात माझी रेघ यायची तसं. नजर कुठे फिरली नाही, थेट तिथेच जाऊन टेकली. वसूच्या नियमानं चित्र अर्धं होतं. अजून पुष्कळ फेऱ्या बाकी होत्या, पुष्कळ वाट्या पांढरा रंग. माझ्या जिभेवर ते नाव आलं होतं, सवयीनं ओठही उघडले. समोरच्या टेबलावर तिची वाटी होती, तळाला पांढरा रंग वाळून तडकलेला. मी ओठ मिटून घेतले. गिरीश माझ्या तोंडाकडे बघत होता. बहीणभावांत तेवढं एक सारखं होतं, बघायची ती तऱ्हा.

"काय दिसालंय, अक्का?" त्यानं विचारलं.

मी गप्प बसले. बराच वेळ बसले. मग त्याला सांगितलं की चित्र पुरं आहे, पाटीवर काही लिहू नका.

त्यानं आठवण म्हणून काहीतरी न्या म्हणून आग्रह केला तेव्हा मी स्टूल मागितलं. ते आता आमच्या बाल्कनीत आहे, पायाखालच्या पुठ्ठ्यासकट. समोरच्या ऑफिसच्या काचांत सकाळी आमचीच इमारत दिसते, दुपारनंतर आतली माणसं दिसू लागतात, आणि मधे थोडा वेळ दोन्ही एकत्र. मी तिथे बसून मेथी निवडते. निखिलनं विचारून बघितलं, त्या चित्रात एवढं काय होतं म्हणून. मेघना लेख लिहिते आहे, तिचा दोनदा फोन आला. मी तिला कनकांबरांचं सांगितलं, नियमाचं सांगितलं, तिनं माझं नाव नीट घालावं हेही बजावलं. पण हे नाही सांगितलं. चित्र लवकरच गॅलरीत लागेल. जरूर जा, घाई न करता बघा, तुम्हालाही काहीतरी आधी दिसेल. मला काय दिसलं ते मात्र मी तुम्हालाही सांगणार नाही. आयुष्यभर मी ज्याचं ज्याचं नाव घेतलं ते ते तिनं झाकलं. हे एक तेवढं उघडं आहे, ते तसंच राहू दे.